कार्बनचा बाण साध्या धनुष्यातून तिरका का जातो? बाण धनुष्याशी ‘जुळवायचा’ कसा?

पौराणिक मालिकांमध्ये धनुष्यातून सुटलेला बाण पट्टीसारखा ताठ जातो. प्रत्यक्षात हाय-स्पीड कॅमेऱ्यातून पाहिलं तर तो चक्क माशासारखा वळवळत निघतो! हे वळवळणं धनुष्याशी जुळलं तर बाण नेमावर बसतो. नाही जुळलं, तर नेम कितीही चांगला असो, बाण डावीकडे नाहीतर उजवीकडे जातोच.

अनेक हौशी धनुर्धर लाकडी लाँगबो किंवा साधा रिकर्व्ह घेतात आणि त्यासोबत महागडे कार्बनचे बाण आणतात. मग बाण तिरके जायला लागले की स्वतःच्या हाताला दोष देतात. बऱ्याचदा दोष हाताचा नसतो, बाण धनुष्याशी जुळवलेलाच नसतो. हे जुळवणं म्हणजेच ‘ट्यूनिंग’.

बाण वाकतोच कशाला?

साध्या धनुष्यात बाण मुठीच्या बाजूला टेकवलेला असतो. दोरी मात्र पुढे सरकते ती धनुष्याच्या मध्याकडे. म्हणजे सुटताना बाणाच्या वाटेत धनुष्याचा दांडा आडवा येतो. शिवाय बोटांवरून निसटताना दोरी किंचित बाजूला सरकते. या दोन्हींमुळे बाण वाकतो, दांड्याला वळसा घालतो आणि पुढे जाऊन सरळ होतो. याला ‘आर्चर्स पॅराडॉक्स’ म्हणतात. हे नाव रॉबर्ट एल्मर या अमेरिकन धनुर्धराने दिलं. पुढे क्लॅरेन्स हिकमन या शास्त्रज्ञाने वेगवान छायाचित्रणातून बाणाचं हे वाकणं दाखवून दिलं.

साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला विश्वविजेते झाले, ते कंपाउंड प्रकारात. त्या धनुष्यात बाण जवळजवळ मधोमध बसतो आणि दोरी बोटांनी नाही तर यंत्राने सोडली जाते. त्यामुळे कंपाउंडसाठी निवडलेला बाण साध्या धनुष्याला चालेलच असं नाही.

बाणावरचा आकडा काय सांगतो?

कार्बनच्या बाणावर ४००, ५००, ६०० असे आकडे छापलेले असतात. हा ‘स्पाइन’, म्हणजे बाणाच्या कडकपणाचं माप. २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर बाणाची काडी ठेवून मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगतात. काडी अर्धा इंच वाकली तर स्पाइन ५००. म्हणजे आकडा मोठा, तर बाण लवचिक. आकडा लहान, तर बाण कडक. नवखे इथेच फसतात.

पण हा आकडा स्थिर बाणाचा आहे. सुटताना बाण किती वाकेल हे आणखी काही गोष्टींवर ठरतं:

- लांबी: लांब बाण जास्त वाकतो.
- टोकाचं वजन: टोक जड केलं की बाण जास्त वाकतो.
- धनुष्याची ताकद: तुमच्या खेचण्याच्या लांबीवर जितके पाउंड जास्त, तितका बाण जास्त वाकतो.
- दोरी: कमी ताणणारी दोरी बाणाला जास्त जोर देते, त्यामुळे बाण अधिक लवचिक असल्यासारखा वागतो.

पिसं काढा, बाण खरं बोलेल

बाणामागची पिसं चुका झाकतात. बाण वाकडा निघाला तरी त्याला सरळ करतात. म्हणून चाचणीसाठी दोन बाण बिनपिसांचे ठेवतात. पिसांच्या वजनाइतकी चिकटपट्टी मागे गुंडाळली की तोल बदलत नाही.

आधी १० मीटरवरून पिसांचे तीन आणि बिनपिसांचे दोन बाण एकाच नेमावर सोडा. बाण लक्ष्यात कसा कलला आहे ते पाहू नका, कुठे लागला ते पाहा. एका फेरीवरून निष्कर्ष काढू नका. तीन-चार फेऱ्या सारख्या आल्या तरच त्यावर विश्वास ठेवा.

आधी वर-खाली: बिनपिसांचा बाण वर लागत असेल तर दोरीवरची नॉकची खूण खाली आहे, ती थोडी वर घ्या. खाली लागत असेल तर खूण खाली घ्या. सुरुवातीला ही खूण काटकोनापेक्षा साधारण १२ ते १५ मिलिमीटर वर ठेवतात.

मग डावं-उजवं (उजव्या हाताने दोरी खेचणाऱ्यांसाठी): बिनपिसांचा बाण डावीकडे गेला तर बाण जास्त कडक आहे. टोक जड करा. उजवीकडे गेला तर बाण जास्त लवचिक आहे. टोक हलकं करा, तेवढ्याने भागलं नाही तर बाण थोडा कापा. डावखुऱ्यांनी हे उलट वाचावं.

टोक जड केल्यावर बाण उजवीकडे सरकायला हवा. तसं न होता भलतीकडे गेला तर बाणाची शेपटी दांड्यावर आपटत असण्याची शक्यता आहे. तिथे घासल्याच्या खुणा दिसतात का ते पाहा. अशा वेळी चाचणीचं उत्तर फसवं असतं.

कापण्याची घाई नको

टोक बदलता येतं, कापलेला बाण पुन्हा लांब होत नाही. म्हणून बाण पूर्ण लांबीचे घ्या, वेगवेगळ्या वजनांची टोकं आधी वापरून पाहा आणि कापायचंच झालं तर एका वेळी पाव इंच. थोडासाच फरक उरला असेल, तर बाण जिथे दांड्याला टेकतो तिथली चामड्याची पट्टी उपयोगी पडते. ती जाड केली की बाण अधिक कडक असल्यासारखा वागतो, पातळ केली की लवचिक.

कापायला वेगाने फिरणारी घासचक्ती वापरतात. साध्या करवतीने कार्बनचे तंतू फाटतात. ती धूळ फुफ्फुसांना आणि त्वचेला वाईट. मास्क, चष्मा आणि हातमोजे हवेतच.

शेवटी पिसं लावताना खरी पिसंच निवडा. दांड्याला घासून जाताना ती दबतात. प्लास्टिकची पाती दबत नाहीत, बाणाला धक्का देतात.

दोन धोके लक्षात ठेवा

पहिला, फार हलका बाण. त्यामुळे धनुष्यावर ताण येतो. साध्या धनुष्यासाठी दर पाउंडामागे ८ ते १० ग्रेन वजन चांगलं मानतात. म्हणजे ४० पाउंडांच्या धनुष्याला ३२० ते ४०० ग्रेनचा, साधारण २१ ते २६ ग्रॅमचा बाण.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे, तडा गेलेला बाण. लाकडाचा तडा बहुतेकदा दिसतो, कार्बनचा दिसेलच असं नाही. असा बाण सुटताना फुटला तर त्याचे तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतात. म्हणून प्रत्येक वेळी सोडण्याआधी बाण कानाजवळ धरून हलकेच वाकवा, पिरगळा. कडकड आवाज आला किंवा बोटाला खरखर लागली, तर तो बाण मोडून टाकून द्या. महागाचा असला तरी!

स्पर्धेत उतरणार असाल तर आधी नियम वाचा. वर्ल्ड आर्चरीच्या लाँगबो प्रकारात बाण लाकडीच लागतात. बाकी हौसेसाठी मात्र कार्बन उत्तम: पावसाळी दमट हवेत तो वाकडा होत नाही आणि एकदा जुळला की सगळे बाण सारखे वागतात.

तेव्हा पुढच्या वेळी बाण तिरका गेला, तर लगेच स्वतःला दोष देऊ नका. दोन बाणांची पिसं काढा आणि ते काय सांगतात ते पाहा.