फुकट इंधनाचा जमाखर्च

सूर्याचें ऊन फुकट मिळतें, म्हणून त्याची शक्तिही फुकट पडेल, असा समज होणें साहजिक आहे. इतिहासाचा जमाखर्च मात्र निराळा आहे. १८७८ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत मूशो या गणिताच्या अध्यापकानें सूर्याच्या उष्णतेवर बर्फ करून दाखविलें. त्याच वर्षीं मुंबईंत विल्यम ॲडम्स यांचा सूर्ययंत्रावरील ग्रंथ निघाला. त्यांनीं कुलाब्यास आरशांच्या योगानें वाफ काढून पंप चालविला होता. १९१३ सालीं शूमननें कैरोजवळ मादी येथें नाईलचें पाणी याच बळावर उपसलें. फ्रान्समध्यें स्वस्त कोळशापुढें मूशोचें यंत्र टिकलें नाहीं. शूमनचा उद्योग महायुद्धांत बुडाला. कोळसा लागेल तसा घेतां येतो; सूर्ययंत्राची बहुतेक किंमत आरंभींच मोजावी लागते, आणि रात्रीं तें स्वस्थ बसतें.

१९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें सिलिकॉनचा सूर्यघट दाखविला. तेव्हांपासून यंत्र पालटलें, पुढें स्वस्तही झालें. हिशेब तोच राहिला. विजेच्या तारेवांचून राहणारास रात्रीसाठीं बॅटरी लागते, व ती कांहीं वर्षांनीं बदलावी लागते. दाराशीं तार असतां हा खर्च सहसा परवडत नाहीं. दूरच्या पाड्यावर तुलना रॉकेलच्या चिमणीशीं होते. तेथें सूर्य सरस ठरतो. परंतु तेथील कुटुंबाच्या गांठीं आरंभींची रक्कमच नसते. ती, आणि पुढच्या बॅटरीची तरतूद, समाजानें केली, तरच त्या घरांतला दिवा टिकेल.