पातेल्यातलं मांस आणि दापोलीची दोन मुलं

आजचा विषय थोडा नाजूक आहे. शेवटपर्यंत वाचा, मग काय ते बोला.

बैलाच्या मांसाचे तुकडे, रात्रभर भिजवलेले पावट्यासारखे दाणे आणि अळंबी, हे सगळं मंद आचेवर तीनेक तास रटरटत ठेवायचं. युरोपात याला स्टू म्हणतात. आज हॉटेलात महाग मिळतो, पण मुळात हा गरिबाचा पदार्थ. काम करून थकलेल्या जनावराचं मांस चिवट असतं. ते झटपट शिजत नाही. तासन्‌तास उकळलं की मऊ पडतं, दाण्यांनी रस्सा दाट होतो आणि थोड्या मांसात घरातली सगळी जेवतात.

हे गणित आपल्याकडेही होतंच. मांसाच्या लांब पट्ट्या उन्हात वाळवून ठेवायच्या, त्यांना चाण्या म्हणत. अडीअडचणीला त्याच कामी येत. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातलं हे सगळं जेवण लिहून ठेवलंय. पुस्तक आलं २०१५ साली.

त्याच वर्षी मार्चमध्ये राज्यात बैल आणि वळू कापायलाही बंदी आली. गाईपुरती बंदी १९७६ च्या कायद्याने होतीच. म्हैसवर्ग या बंदीत नाही. ६ मे २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण परराज्यात कायदेशीर कापलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. एवढा साधा फरकसुद्धा फॉरवर्ड करणाऱ्यांना माहीत नसतो. म्हणजे महाराष्ट्रातच कापलेल्या जनावराचा हा स्टू आज करायचा तर म्हशीच्या किंवा बकऱ्याच्या मटणाचाच. कायदा आहे, तो पाळायचा. प्रश्न इतिहासाचा आहे.

आता दापोलीकडे येऊ. जुनी माणसं अजून ‘कॅम्प’ म्हणतात, कारण १८१८ नंतर इंग्रजांची छावणी इथं होती. पुढे लष्करातले पेन्शनर इथं राहिले. १८८६ मध्ये निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर इथूनच अस्पृश्यतेविरुद्ध लिहीत होते. १८९० च्या दशकात याच गावात दोन मुलं वाढली. एक वकिलाचा मुलगा, मिशन हायस्कुलात शिकणारा पांडुरंग वामन काणे. दुसरा सुभेदार रामजींचा धाकटा, भीमराव.

पुढे दोघांनी गोमांसावर लिहिलं. महामहोपाध्याय काण्यांनी ग्रंथ तपासून दाखवलं की वेदकाळात गाईचं पावित्र्य आणि गोमांस खाणं या दोन गोष्टी एकत्र नांदत होत्या. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या इंग्रजी ग्रंथात काण्यांच्या ‘धर्मशास्त्रविचार’चा दाखला घेतला आणि पुढचा प्रश्न विचारला: मग अस्पृश्यता आली कुठून? त्यांचं उत्तर असं, की वरच्यांनी गोमांस सोडलं, पण गावकुसाबाहेरच्यांच्या वाट्याला मेलेल्या गाईचं मांसच उरलं आणि तेच त्यांच्यावर डाग म्हणून चिकटलं.

आणि हेच बाबासाहेब मार्च १९२७ मध्ये आपल्या शेजारच्या महाडला लोकांना सांगत होते, मेलेल्या जनावराचं मांस सोडा. यात विसंगती नाही बरं का! मांस वाईट म्हणून नव्हे, तर लाचारीनं मिळालेलं म्हणून ते सोडायचं होतं. कुणी जबरदस्ती केली नव्हती, कुणाच्या पातेल्याचं झाकण उघडून पाहिलं नव्हतं. स्वाभिमानासाठी लोकांनी ते आपणहून सोडलं. शेकडो वर्षं ज्यावर पोट भरलं ते सोडणं सोपं नव्हतं.

वीस वर्षं या तालुक्यात बातम्या करतोय. या विषयावर आरडाओरडा खूप ऐकला, वाचून बोलणारे थोडे भेटले. आपल्या गावाला दोन भारतरत्नांचं बालपण लाभलंय. दोघांनी हा प्रश्न पुराव्यानं मांडला. कुणी काय खावं हे ठरवण्याआधी निदान या दोघांनी काय लिहिलं ते तरी वाचूया.

मतभेद असतील तर जरूर लिहा, फक्त पुराव्यासकट.