सभागृहातले शब्द : छापखान्यापासून संगणकापर्यंत

लोकप्रतिनिधी सभागृहात काय बोलतात ते जनतेला कळावे, हे आज आपण गृहीत धरतो. ब्रिटनमध्ये हा हक्क सहज मिळालेला नाही. १७३८ साली तेथील कॉमन्स सभागृहाने चर्चेचे वृत्तांत छापण्यास मनाई केली. तेव्हा ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ही भाषणे लिलिपुट या काल्पनिक देशातील म्हणून छापली! काही वर्षे ती सॅम्युएल जॉन्सन तुटपुंज्या टिपणांवरून लिहीत असे. म्हणजे शब्द बरेचसे त्याचेच. १७७१ साली मुद्रकांची बाजू घेतल्याबद्दल लंडनचे महापौर ब्रास क्रॉस्बी यांना टॉवरमध्ये कैद झाली. त्यानंतर मनाई कागदावरच उरली. पुढे टी. सी. हॅन्सार्ड या मुद्रकाच्या नावाने वृत्तांत ओळखला जाऊ लागला आणि १९०९ पासून संसद स्वतःच तो नोंदवू लागली.

१९९० च्या दशकात हॅन्सार्ड महाजालावर आला. परंतु वाचता येणे आणि तपासता येणे यांत फरक आहे. १८ मार्च २००३ रोजी इराकवरील लष्करी कारवाईचा ठराव ४१२ विरुद्ध १४९ मतांनी संमत झाला. आपल्या प्रतिनिधीने अशा प्रश्नांवर वर्षानुवर्षे कसे मतदान केले हे पाहायचे, तर शेकडो पाने चाळावी लागत. त्याच वर्षी फ्रान्सिस आयर्व्हिंग व ज्युलियन टॉड यांनी हे काम संगणकावर सोपवले. त्यांच्या प्रकल्पाचे नाव ‘पब्लिक व्हिप’. या कामाच्या आधारे २००४ साली ‘दे वर्क फॉर यू’ हे संकेतस्थळ सुरू झाले.

हे होते कसे? महाजालावरील पानामागे मजकुराबरोबर खुणा असतात : येथे ठळक अक्षर, येथे नवा परिच्छेद. प्रोग्रॅम रोजचे पान उतरवून घेतो, खुणांवरून वक्ता, तारीख व भाषण वेगळे करतो आणि तक्त्यात मांडतो. मग मोजणी सोपी होते.

अडचण अशी, की संगणकाला अर्थ कळत नाही. वृत्तांतात अनेकदा नुसते ‘पंतप्रधान’ असे लिहिलेले असते. २६ जून २००७ रोजी ते टोनी ब्लेअर होते, २८ जूनला गॉर्डन ब्राऊन! त्यामुळे कोण कोणत्या पदावर कधीपासून कधीपर्यंत होते, याची यादी माणसालाच पुरवावी लागते. पानाची मांडणी बदलली की प्रोग्रॅम बंद पडतो. ते एक वेळ परवडले. बंद न पडता तो चुकीची नोंद करू लागला, तर ते अधिक घातक.

मोजणीचाही मोह असतो. आपल्या नावावरील भाषणांचा आकडा फुगावा म्हणून काही सभासद उगीच बोलतात, अशी बातमी २००६ साली ‘द टाइम्स’ने दिली होती. मोजमापामुळे मोजली जाणारी वस्तूच बदलावी, हा अनुभव विज्ञानात नवा नाही.

म्हणून आकड्यापासून मूळ भाषणापर्यंत परत जाण्याची वाट खुली हवी. जॉन्सनच्या वाचकांना ती नव्हती, आपल्याला आहे. विद्यार्थ्यांना तक्ता वाचायला शिकवताना ‘हा आकडा कोठून आला?’ हा प्रश्नही अवश्य शिकवावा.