शाळा-इमारती व पटांगणे : देखभाल (जिल्हा परिषद, महाराष्ट्र)

ग्रामीण महाराष्ट्रातील सार्वजनिक प्राथमिक शाळांच्या वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पटांगण आणि कुंपण यांची निगा राखण्याची जबाबदारी मुख्यतः जिल्हा परिषदांची आहे. १ मे १९६२ रोजी त्या अस्तित्वात आल्या, तेव्हा देवळात नाहीतर चावडीत भरणाऱ्या शाळांना हक्काचे छप्पर मिळवून देणे हेच मोठे काम होते. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने किमान दोन वर्गखोल्यांचा दंडक घातला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकागणिक खोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, मैदान आणि कुंपण अशी यादीच अनुसूचीत दिली. काय बांधायचे ते अशा रीतीने ठरत गेले. बांधलेले टिकवायचे कसे, याचा विचार मात्र तितक्या नेमकेपणाने झाला नाही. देखभालीचा पैसा पटावर बेतला गेला आहे. तो इमारतीवर बेतायला हवा.

समग्र शिक्षा योजनेच्या निकषांनुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये संयुक्त अनुदान मिळते, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, आणि पट हजारावर गेला की १ लाख. वीजबिल, शैक्षणिक साहित्य, स्वच्छता आणि इमारतीची डागडुजी, सगळे याच रकमेत बसवायचे. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सोलापुरात त्याचा चौथा हिस्साही नाही; पण १५ मुलांच्या दोन शाळांना दोन्हीकडे रक्कम तीच. कोकणातल्या वाडीवरच्या कौलारू शाळेला दरसाल शाकारणी लागते, वासे-रिपांना वाळवी लागली आहे का ते पाहावे लागते. पट घटला म्हणून छपरावरची कौले कमी होत नाहीत.

स्लॅबच्या इमारतीला काही करावे लागत नाही, हा समज तर फार महागात पडला आहे. गच्चीवरचा पाइप पाल्यापाचोळ्याने तुंबतो, पाणी साचते, बारीक भेगांतून झिरपते आणि सळईला गंज चढतो. गंजलेली सळई फुगते, त्या दाबाने खालचे काँक्रीट सुटते आणि वर्गात पोपडे पडू लागतात. पोपडे दिसतात तेव्हा दुखणे जुने झालेले असते. पाइप मोकळा करायला एक मजूर पुरतो. सळई उघडी पडली की खोली निर्लेखनाच्या वाटेला लागते. मग तपासणी, पाडण्याची मंजुरी, नवे अंदाजपत्रक, निधी, निविदा; आणि तोवर दोन वर्ग एका खोलीत. पटांगणाचेही असेच. त्याचा उतार इमारतीकडे असेल तर पागोळ्यांचे पाणी जोत्याशी मुरते आणि भिंत ओल धरते. एक चर खणून पाणी बाहेर काढले, तर वाचते ती भिंत. दुर्लक्षाची किंमत कधी कधी मुलांनी जिवाने मोजली आहे: ऑगस्ट २०१७ मध्ये नगर जिल्ह्यातील निंबोडी येथे पावसात वर्गखोली कोसळून तीन विद्यार्थी दगावले, जुलै २०२५ मध्ये राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथे सात.

पैसा इमारतीवर बेतण्याला पहिला आक्षेप असा, की घटत्या पटाच्या शाळा उद्या बंद किंवा विलीन व्हायच्या, त्यांवर खर्च कशाला? पण शाळा चालवायची की नाही हा निर्णय वेगळा. ती भरते आहे तोवर त्या छताखाली मुले बसतात, आणि गळक्या खोलीमुळे पट आणखी घटतो तो निराळाच. दुसरा आक्षेप लोकवर्गणीचा: गावाने मनावर घेतले तर सारे होते. काही गावांनी ते करून दाखवले आहे, त्यांचे मोल मोठे आहे. तरी वर्गणी निघते ती बागायती गावात किंवा पुण्या-मुंबईत नोकरदार असलेल्या गावात. ऊसतोडीला निम्मे गाव बाहेर जाते तिथे कोणाकडे मागायची? शिवाय वर्गणी रंगरंगोटीला आणि प्रवेशद्वाराला सहज मिळते, गच्चीच्या गळतीला नाही. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती अभियंते नव्हेत. जास्त पैसा त्यांच्या हाती देऊन तो योग्य जागी लागेल याची खात्री काय? म्हणूनच कामाची वाटणी हवी. पन्हाळी, कौले, नळ, कड्या-कोयंडे, कुंपण समितीने पाहावे. स्लॅब, तुळया आणि पाया पंचायत समितीच्या शाखा अभियंत्याने दर एप्रिलमध्ये तपासून लेखी शेरा द्यावा. एप्रिलच का, तर शाळा जूनमध्ये उघडतात, पाऊसही त्याच सुमारास येतो आणि दुरुस्तीला मोकळा मिळतो तो मे महिना. अनुदान तेव्हा शाळेच्या खात्यात नसेल, तर ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत छपराच्या कामी येत नाही.

इमारतीनुसार दर ठरवणे किचकट होईल, असेही म्हटले जाते. परंतु खोल्या किती, त्यांतल्या चांगल्या किती, किरकोळ आणि मोठी दुरुस्ती लागणाऱ्या किती, ही माहिती प्रत्येक शाळा यू-डायस या शालेय माहिती-प्रणालीत दरवर्षी भरतेच. तिला छपराचा प्रकार, बांधकामाचे वर्ष आणि तालुक्याचा सरासरी पाऊस जोडला, की खोलीमागे दर काढता येतो.