गाडी, टांगा आणि ट्रक

भातकुलीच्या रस्त्यावर मी पहिल्यांदा ट्रकचे स्टिअरिंग धरले तेव्हा बाजूला बाप बसला होता. तो म्हणाला, "भेऊ नको. गाडी जात नाही पाह्यत." बाप तिसरी शिकलेला, क्लीनर म्हणून घरून निघालेला आणि ड्रायव्हर होऊन परतलेला माणूस. त्याचे म्हणणे मी वीस वर्षे खरे मानले. २०२३ साली ट्रकवर परत जायला निघालो, तेव्हा ते अर्धेच खरे आहे हे ध्यानात आले. गाडी जात पाहत नाही. पण गाडीपर्यंतच्या वाटेवर जात अजून बसलेली आहे, आणि आज ती पैशाच्या रूपाने आडवी येते.

ही वाट जुनी आहे. आपला समाज लगामापर्यंत कसा पोचला हे पाहायचे, तर बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या दोन आठवणींकडे जावे लागते. पहिली १९०१ सालची. लहानगे भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनावर उतरले. पोरे महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि तेही एका अटीवर: गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान पायी सोबत येईल.

दुसरी १९२९ सालची, चाळीसगावची. तोवर बाबासाहेब बॅरिस्टर आणि कौन्सिलचे सभासद झालेले. सरकारी समितीच्या कामावर होते. तिथल्या महार मंडळींनी मुक्कामाचा आग्रह केला. एकही टांगेवाला त्यांना नेईना. पाहुण्याला चालवत नेणे मंडळींना कमीपणाचे वाटले. म्हणून टांगा भाड्याने घेतला, आणि ज्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता असा आपल्यातला एक माणूस लगाम धरून बसला. नदीवरच्या पुलावर चाक अडकले, टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले. पायाचे हाड मोडले.

या दोन गोष्टी आपण अपमानाच्या म्हणून वाचतो, आणि त्या अपमानाच्या आहेतच. पण ड्रायव्हर माणूस त्या वाचतो तेव्हा त्याला आणखी काही दिसते. चाळीसगावच्या त्या माणसाजवळ निष्ठा होती, हिंमत होती. नव्हती ती फक्त सवय. ती असणार तरी कशी? गावगाड्यात त्याच्या वाट्याला साहेबाच्या गाडीपुढे धावण्याचे काम होते. गाडीवर बसून हाकण्याचे नव्हते. हाताला जे कसब मिळू दिले नाही, त्याची किंमत ऐन वेळी आपल्याच नेत्याच्या हाडाने मोजली.

१९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीला अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. देवळाच्या दाराची लढाई इतिहासात आली. गाडीवरच्या बैठकीची लढाई मात्र गावोगाव निनावीच लढली गेली.

वऱ्हाडात ती ट्रकने लढली. आमचा भातकुलीचा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. जमीन काळी, पण पोटातले पाणी खारे. विहीर खोदून ओलीत होत नाही. बहुतेक सारी भिस्त खरिपाच्या पिकावर. वेचणी संपली की मजुराच्या हाताला काम नाही. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. केंद्रावरून जिनिंगला आणि जिनिंगवरून पुढे रुईच्या गाठी वाहायला ट्रक लागत. आमच्या वस्तीतली पोरे क्लीनर म्हणून त्यांवर चढली. टायर बदलायचे, काच पुसायची, रात्री उस्तादाला झोप लागू द्यायची नाही, आणि रिकाम्या रस्त्यावर थोडा वेळ स्टिअरिंग मागून घ्यायचे. हीच त्यांची शाळा. फी नव्हती, शिव्या होत्या. पण नागपूर–मुंबई रस्त्यावरच्या ढाब्यावर कोणी आडनाव विचारत नसे. बापाचे ते वाक्य तिथून आले होते.

पुढे कायदे आले. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. जड वाहनाच्या नव्या परवान्यासाठी ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला आवश्यक ठरला. २००७ साली नव्या वाहतूक परवान्याला आठवी पासची अट लागली. जुन्या परवानाधारकांना नूतनीकरणात सूट होती, म्हणून बाप तरला. पण आठवीच्या आत शाळा सुटलेल्या पोरांना त्या दाराने आत येणे बंद झाले. बारा वर्षांनी, २०१९ साली, ही अट काढायचा निर्णय झाला. शिक्षण आणि हाताचे कसब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सरकारला उमगले. त्या बारा वर्षांत वय निघून गेलेल्यांचे काय, हे कोणी विचारले नाही.

माझी गोष्ट एवढीच. २०१९ साली बापाला पक्षाघात झाला. मी ट्रक सोडला, घरी राहिलो, मजुरी केली. परवाना मार्च २०२० मध्ये संपला. टाळेबंदीमुळे अशा परवान्यांची मुदत ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत वाढवली होती. ती आणखी वाढेल या समजुतीत मी राहिलो. २०२२ साली बाप गेला. पुढच्या वर्षी मालक काम द्यायला तयार झाला आणि मी परवाना घेऊन कचेरीत गेलो. पूर्वी मुदत संपून पाच वर्षे झाली तरच पुन्हा चाचणी द्यावी लागे. २०१९ च्या दुरुस्तीने पाचाचे एक वर्ष केले. माझे वर्ष उलटून गेले होते.

चाचणीची सरकारी फी ३०० रुपये. पण चाचणी द्यायची जड वाहनावर, आणि वाहन उमेदवाराने आणायचे. ज्याच्याजवळ ट्रक नाही म्हणून तो दुसऱ्याचा ट्रक चालवतो, त्याने ट्रक आणायचा कोठून? एका ड्रायव्हिंग स्कूलने ट्रक, उजळणीचे आठ दिवस आणि कागदपत्रे मिळून नऊ हजार सांगितले. माझ्या बायकोने बचत गटातून कर्ज काढले. वीस वर्षे ट्रक चालवणारा माणूस ट्रक चालवता येतो हे दाखवण्यासाठी कर्जात गेला.

उजळणीला माझा विरोध नाही. चाळीसगावचा पूल ज्याला आठवतो त्याने प्रशिक्षणाची टिंगल करू नये. मी ट्रक सोडला आणि परत आलो, तेवढ्यात ट्रक बदलला होता. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ झाल्या. डिझेलबरोबर युरियाच्या द्रावाची वेगळी टाकी आली, डॅशबोर्डावर नवे दिवे आले. २०२१ पासून नाक्यावर फास्टॅग सक्तीचा झाला. हे मला शिकवायला हवे होते. त्या स्कूलचा ट्रक मात्र माझ्या जुन्या ट्रकपेक्षाही म्हातारा होता. आठ दिवस मी त्यांच्या पोरांना गिअर शिकवले आणि शिकल्याचे पैसे मीच भरले.

२०२१ साली मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले: जड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तास. उत्तम आहे. पण सहा आठवडे मजुरी बुडवून कोण शिकेल, त्या दिवसांची चूल कोण पेटवेल, याचा हिशेब नियमात नाही.

२०२२ च्या जूनमध्ये अमरावती–अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरच्या एका मार्गिकेचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि गिनीज बुकात नोंदले गेले. रस्त्यासाठी हे जमते. त्यावरून माल नेणाऱ्या माणसाचे हात पुन्हा तयार करायला कोणाची तिजोरी उघडत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. जुन्या चालकाची उजळणी, चाचणीचा ट्रक आणि त्या दिवसांचा भत्ता ही मागणी त्याच्या दारात लेखी न्यावी. आणि दुसरे काम बिनपैशाचे. परवाना आता मुदतीच्या वर्षभर आधीही नूतन करता येतो. प्रत्येक विहाराच्या फळ्यावर वस्तीतल्या चालकांच्या परवान्याच्या तारखा लिहाव्यात. आमच्या वस्तीत मी तशा लिहिल्या आहेत. अकरा नावे आहेत. शेवटचे माझे, आणि त्यापुढे बचत गटाच्या हप्त्याची तारीखही आहे.