बालकांच्या क्षयरोगातील औषधमात्रा

क्षयरोगावरील औषधाचा जंतूंवर होणारा परिणाम गोळीच्या वजनापेक्षा रक्तात निर्माण होणाऱ्या औषधाच्या पातळीवर अवलंबून असतो. शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे प्रौढ व बालक यांना सारखेच औषध दिले, तरी लहान मुलांत ही पातळी बहुधा कमी भरते. हे तथ्य जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत उतरण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

आयसोनियाझिडाचा क्षयरोगातील उपयोग १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. यकृतातील एंझाइमामुळे त्याचे ॲसिटिलीकरण होऊन ते निष्क्रिय बनते. या क्रियेचा वेग आनुवंशिक असून मंद व शीघ्र असे व्यक्तींचे प्रकार आढळतात. वयाचा प्रभाव याहून वेगळा आहे. बालकाचे यकृत शरीराच्या वजनाच्या मानाने मोठे असल्यामुळे औषधाचा निचरा लवकर होतो. नवजात अर्भकात मात्र एंझाइमे अपक्व असल्याने स्थिती नेमकी उलट असते.

या विलंबाचे कारण केवळ शास्त्रीय नव्हते. औषधांच्या चाचण्या मुख्यतः थुंकीत जंतू सापडणाऱ्या प्रौढांवर झाल्या. बालकांत जंतू थोडे असतात, ती थुंकी गिळून टाकतात व रोगाचा प्रसारही क्वचितच करतात; त्यामुळे प्रसार रोखण्यासाठी आखलेल्या कार्यक्रमांत ती मागे पडली. प्रौढांची मात्रा वजनाच्या प्रमाणात घटवून, पुष्कळदा गोळीचे तुकडे करून, त्यांना दिली जाई. एथांब्युटॉलाने दृष्टी बिघडते व लहान मूल ते सांगू शकत नाही, ही भीतीही होतीच. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आयसोनियाझिडाची मात्रा पूर्वीपासून अधिक ठेवीत, हा अपवाद लक्षणीय होय.

दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन परिसरात झालेल्या अभ्यासांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या सुमारास आयसोनियाझिडाची दैनिक मात्रा दर किग्रॅ.ला ५ वरून १० मिग्रॅ., रिफॅम्पिसिनाची १० वरून १५ व पायराझिनामाइडाची २५ वरून ३५ मिग्रॅ. केली. दोन वर्षांखालील २० बालकांच्या २०११ मधील केपटाउन अभ्यासात रिफॅम्पिसिनाची सरासरी कमाल पातळी जुन्या मात्रेने ६·३६, तर नव्या मात्रेने ११·६९ मायक्रोग्रॅम प्रती मिलि. आढळली; प्रौढांत किमान ८ ही पातळी अपेक्षित मानली जाते. आठवड्यातून तीनदा औषध घेणाऱ्या मुलांच्या २०१३ मधील चेन्नई येथील अभ्यासात तीन वर्षांखालील बालकांत पातळी मोठ्या मुलांपेक्षा कमी आढळली. भारतात रोजच्या उपचाराची पद्धत २०१७ मध्ये सर्वत्र लागू झाली.

नव्या प्रमाणानुसार बनविलेली, पाण्यात विरघळणारी संयुक्त गोळी २०१५ मध्ये उपलब्ध झाली. क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथात रिफॅम्पिसीन मेंदूभोवतालच्या द्रवात फारच थोडे उतरते. म्हणून २०२२ मध्ये संघटनेने या रोगाच्या बालरुग्णांसाठी सहा महिन्यांच्या पर्यायी उपचारात त्याची मात्रा दर किग्रॅ.ला २२·५ ते ३० मिग्रॅ. ठेवली.