सह्याद्रीची पदयात्रा आणि ज्ञानगंगेचे रान

बुलढाण्याहून खामगावकडे निघालेला रस्ता बोथ्याच्या घाटात शिरतो, तेथे दोन्ही अंगांस ज्ञानगंगेचे अरण्य पसरलेले आहे. ज्या अजिंठ्याच्या रांगेवर हे अरण्य उभे आहे, तिची एक मौज सांगण्याजोगी आहे. रांगेच्या उत्तर उतारावरील पाऊस ज्ञानगंगेतून पूर्णेस, पूर्णेतून तापीस आणि तापीतून पश्चिम समुद्रास मिळतो. तिच्याच दुसऱ्या अंगास उगम पावलेली पैनगंगा मात्र वर्धा, प्राणहिता व गोदावरी अशी नावे पालटीत पूर्व समुद्र गाठते. ही रांग सह्याद्रीचाच एक फाटा होय. तेव्हा सह्याद्रीच्या रानाचा प्रश्न कोकणचा, वऱ्हाडास त्याचे काय, असे म्हणण्याची सोय वऱ्हाडकरांना राहत नाही.

१९८७ च्या सुमारास या मूळ पर्वताची स्थिती मोठी विचित्र झाली होती. तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर गेलेला पर्वत एक, पण त्याच्या रानाची राखण सहा राज्यांत वाटलेली. कोठे धरण, कोठे खाण, तर कोठे मूळचे अरण्य तोडून त्या जागी सागाची अथवा निलगिरीची एकजात लागवड. कागदोपत्री ही लागवडही अरण्यच ठरे. वास्तविक दोहोंत महदंतर आहे. जुन्या अरण्यात उंच वृक्षांखाली लहान वृक्ष, त्यांखाली झुडपे, वेली, शेवाळ आणि कुजलेल्या पानांचा जाड थर असतो. पाऊस त्या थरात मुरतो व झऱ्यांना पाणी पुरवितो. ओळीने उभ्या केलेल्या निलगिरीखाली यांपैकी फारच थोडे आढळते. केरळात सायलेंट व्हॅलीचे अरण्य जलविद्युत योजनेखाली बुडण्यापासून वाचले व १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. कर्नाटकात सिरसी भागातील ग्रामस्थ सप्टेंबर १९८३ मध्ये रानात चालत गेले आणि त्यांनी वृक्षांना मिठ्या मारून कुऱ्हाड थांबविली. त्या चळवळीस पडलेल्या ‘अप्पिको’ या कन्नड नावाचा अर्थच मिठी मारणे असा आहे. परंतु हे लढे आपापल्या खोऱ्यापुरते होते. पर्वत सलग असला, तरी त्याची कैवारी मंडळी विखुरलेली होती.

ती एकत्र यावीत म्हणून ‘पश्चिम घाट बचाव’ मोहीम निघाली. पुण्याचे जगदीश गोडबोले आणि गोव्याच्या पीसफुल सोसायटीचे कुमार कलानंद मणी हे तिच्या संयोजकांपैकी प्रमुख होत. १ नोव्हेंबर १९८७ रोजी दोन तुकड्या चालू लागल्या. एक उत्तरेस नवापुराहून, जे त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते. दुसरी दक्षिणेस कन्याकुमारीहून. कार्यकर्ते, अभ्यासक, विद्यार्थी असा हा मेळा तीन महिने डोंगराच्या अंगाखांद्यावरून चालला, आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये गोव्यात फोंड्याजवळ दोन्ही तुकड्यांची भेट झाली.

पायी चालण्याचे अप्रूप वऱ्हाडास सांगावयास नको. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपुरास पायीच जाते. पण पालखीची वाट ठरलेली असते. डोंगरातील वाट गावोगाव विचारीत जावे लागते. तेथे वाटाड्या लागतो, आणि वाटाड्या केवळ वाट दाखवून थांबत नाही. कोणता झरा अलीकडे आटला, कोणत्या उतारावरची माती पावसात वाहून गेली, देवाच्या धाकाने गावाने कोणती राई पिढ्यान् पिढ्या राखली, हे सारे तो चालता चालता सांगून जातो. मोटारीतून घाट पाहणारास रस्त्याच्या कडेची हिरवी भिंत तेवढी दिसते. तिच्यामागे टेकडी उघडी पडली असेल, तर ते पायी जाणारासच कळते.

या पदयात्रेने किती झाडे वाचली, असा रोकडा हिशेब मागणारे असतात. तिचे फळ फार उशिरा आणि आडवळणाने आले. फेब्रुवारी २०१० मध्ये निलगिरी पर्वतातील कोटगिरी येथे या चळवळीची मंडळी पुन्हा जमली. त्या वेळचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश तेथे उपस्थित होते. पुढच्याच महिन्यात माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमण्यात आली. तिने २०११ मध्ये अहवाल दिला. तो अनेक राज्यांना रुचला नाही, म्हणून कस्तुरीरंगन यांची दुसरी समिती आली. तिने २०१३ मध्ये संरक्षणाचे क्षेत्र बरेच आकुंचित करून ते सुमारे ६०,००० चौरस किलोमीटरांवर आणले. दरम्यान जुलै २०१२ मध्ये घाटातील ३९ स्थळे जागतिक वारशात गेली. त्यांपैकी कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार महाराष्ट्रातील. संरक्षित क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा मात्र २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत सहा वेळा निघाला. पायी चालणाऱ्यांनी जो पर्वत तीन महिन्यांत ओलांडला, तो कागदास दहा वर्षांतही ओलांडता आला नाही.

सह्याद्रीच्या फाट्यावरील ज्ञानगंगेचे रान १९९७ मध्ये अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र २०५ चौरस किलोमीटर, आणि भोवती शेते, रस्ते, गावे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या एका तरुण वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ-पट्टा बांधण्यात आला होता. जूनमध्ये तो घर सोडून निघाला. तेलंगणाची सीमा ओलांडून, कपाशीची शेते, नाले व महामार्ग पार करीत तो वर्षअखेरीस ज्ञानगंगेत पोहोचला. सुमारे नऊ महिन्यांत त्याची एकंदर चाल ३,००० किलोमीटरांच्या घरात गेली. या प्रवाशास वाटाड्या नव्हता. एका रानापासून दुसऱ्या रानापर्यंत जेथे झुडपांचा व ओढ्यांचा आडोसा उरला होता, त्याच्याच आधाराने त्याने वाट काढली. एप्रिल २०२० मध्ये त्याच्या गळ्यातील पट्टा काढून घेण्यात आला. ज्ञानगंगेत त्या वेळी दुसरा वाघ नव्हता.